मी कुणाच्या दारात उभी होते?

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. माझा रंग उडालाय, आरसा एकच उरलाय आणि मनात आलं तरच मी सुरू होते. पण रडगाणं ऐकवायला मी तुम्हाला बोलावलेलं नाही. मी अगदी मजेत आहे!

कारखान्यातून निघाले ती थेट अकोल्यात, मोरोपंत वकिलांच्या दारात. काय थाट होता माझा! कोर्टात जाण्याआधी ते मला स्वतः पुसायचे. पुढे त्यांनी मोटार घेतली आणि मी जिन्याखाली धूळ खात पडले. फार वाईट वाटायचं हो. मग त्यांची लेक अबोली वर्तमानपत्रात बातमीदार झाली. तिनं मला बाहेर काढलं, दुरुस्त केलं आणि पुढे लालभडक अक्षरांत ‘प्रेस’ लिहून घेतलं. आमच्याकडे बातमीदाराची गाडी त्याशिवाय रस्त्यावर येतच नाही. मीही अशी मिरवले म्हणता!

त्याच अक्षरांनी घोटाळा केला. बार्शीटाकळीकडच्या एका गावात माणिकबाई शाळेची खिचडी शिजवायच्या. तांदळात अळ्या निघत, आणि तक्रार केली की शाळेचे सचिव त्यांना गप्प बसवत. शेवटी त्यांनी अबोलीला घरी बोलावून तो तांदूळ दाखवला.

“ताई, माह्यं नाव कोठी येऊ देऊ नोका,” त्या म्हणाल्या. “हे काम गेलं त माह्यी चूल इझते.”

अबोलीनं शब्द दिला. शाळेत जाऊन तिनं पोती स्वतः पाहिली आणि बातमी नावाशिवाय छापली.

लगेच माणिकबाईंचा फोन आला. “प्रेसची गाडी कोनाच्या दारात उभी होती, हे इचारून राहिले सचिव!”

अबोलीनं कपाळावर हात मारून घेतला. नाव पोटात ठेवलं, पण मला मात्र त्यांच्या दारात उभं केलं होतं ना!

अंगणात बसलेले मोरोपंत म्हणाले, “संविधानानं बोलायचं, छापायचं स्वातंत्र्य दिलंय. पण सांगणाऱ्याचं नाव गुप्त राखायचा हक्क त्यात वेगळा लिहिलेला नाही. आणि लिहिला, तर उद्या कुणीही खोटंनाटं सांगून आडोशाला बसेल.”

“खरं-खोटं तपासणं माझं काम आहे, बाबा. पण नाव उघडं पडणार असेल, तर मला खरं सांगायला येईल कोण? मग त्या छापायच्या स्वातंत्र्याचं मी करू काय?”

कोर्ट गाजवणाऱ्या वकिलांची लेकीनंच उलटतपासणी घेतली. मला तर गंमतच वाटली.

दुसऱ्या दिवशी अबोलीनं मला पुन्हा माणिकबाईंच्या गल्लीत नेलं आणि एकेका दारात उभं केलं. घरोघरी तिनं शाळेच्या खिचडीची चौकशी केली. वऱ्हाडात दारी आलेल्याला चहाशिवाय कोण सोडतं? बिचारी चहा पिऊन पिऊन दमली. गल्लीतल्या बायका मात्र काय ते समजून गेल्या.

सचिव पुन्हा विचारायला आले, तेव्हा गल्लीतली जमुना ठणकावून म्हणाली, “माह्या दारात होती गाडी!”

“तुह्या काहून? माह्या दारात होती!” शेजारीण कडाडली.

“अन् माह्या नाई का?” माणिकबाईही मागे राहिल्या नाहीत.

सचिव घाम पुसत परत गेले. तांदूळ बदलला. माणिकबाई अजून तिथेच खिचडी शिजवतात, आणि पोरं ताट चाटूनपुसून खातात. माझ्या म्हातारपणी याहून मोठं सुख ते काय?

मित्रांनो, त्या गल्लीनं सांगणाऱ्याचं नाव गुप्त राखलं, तसं ते साऱ्या देशात राखलं जावं, म्हणून मोठ्या माणसांनी तसं कायद्यात लिहून ठेवावं असं मला वाटतं. तुम्ही मात्र त्याची वाट पाहू नका. कुणी विश्वासानं काही सांगितलं, तर तो विश्वास जपा. आणि हो, माणिकबाई हे त्यांचं खरं नाव नाही, बरं का. खरं नाव मी भंगारात गेले तरी सांगायची नाही!