बारा मिनिटं सव्वीस सेकंद

मित्रांनो, मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. लोक मला घड्याळ म्हणतात, पण सकाळ झाली की संध्याकाळ, हे मला कधी कळलं नाही. कुणीतरी कळ दाबायची, मी मोजायला लागायचं. पुन्हा दाबली की थांबायचं. एवढंच माझं काम, आणि ते मी कधी चुकवलं नाही. तरीही माझ्यादेखत एका मुलीचा घात झाला.

माझा कारखाना कुठला, ते मला आठवत नाही. काळं प्लॅस्टिकचं अंग, पिवळी कळ आणि लाल दोरी एवढं घेऊन मी डहाणू रोडच्या एका दुकानात काचेमागे पडून होतो. २०१४ साली प्रविण सरांनी मला उचललं. सर नरपडच्या किनाऱ्यावर सरकारी भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना पळायला शिकवायचे. मी त्यांच्या गळ्यात असायचो. वाळूचा कण लागला तरी ते मला सदऱ्याच्या टोकानं पुसायचे. पळणाऱ्यांना मात्र त्यांनी कधी गोंजारलं नाही. स्वतः सर एका भरतीत चार सेकंदांनी हुकले होते. "तू तर होणारच," असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते गाफील राहिले. तेव्हापासून सरांनी ठरवलं होतं की पळणाऱ्याला त्याचा चांगला वेळ सांगायचाच नाही.

माझ्या काचेवर साडेबारा मिनिटं दिसत असली, तरी सर ओरडायचे, "तेरा! लाज वाटते का?"

मी खरं दाखवत होतो. पण माझी काच सरांच्या तळहातात झाकलेली असायची.

२०१६ चा पावसाळा संपला आणि हिरी क्लासला आली. ती गंजाडच्या एका पाड्यावरची, एकोणीस वर्षांची. तिची आई सोनीबाई नरपडला चिकूच्या वाडीत कामाला होती आणि दोघी वाडीतल्याच झोपडीत राहत. हिरीला वनरक्षक व्हायचं होतं. भरतीत मुलींना तीन किलोमीटर पळायचं होतं. वेळ जितका कमी, तितके गुण जास्त. ओहोटी लागली की ओल्या, घट्ट वाळूवर सर सगळ्यांना सुरूच्या झाडांपासून मोडक्या होडीपर्यंत पळवायचे. तीन वेळा जाऊन आलं की तीन किलोमीटर व्हायचे.

हिरी पहिल्या दिवशी अनवाणी पळाली. तिची पावलं लहान आणि हलकी होती, आणि ती बरोबर तिच्या अंगाखाली पडायची. सरांना ते आवडलं नाही.

"उंदरासारखी काय पळते? टांग लांब टाक!"

हिरीनं बूट मिळवले आणि टांग लांब टाकायला सुरुवात केली. आता तिची टाच अंगाच्या कितीतरी पुढे आपटायची आणि प्रत्येक पावलाला तिचा वेगच अडायचा. मुठी आवळलेल्या, खांदे कानापाशी, श्वास कोंडलेला. पळण्याआधी अंग मोकळं करायला सर वेळ देत नसत. पाणीही देत नसत. पाण्यानं पोटात कळ येते, असं त्यांचं ठाम मत होतं.

एके दिवशी होडीपाशी तिच्या पोटरीत गोळा आला. ती वाळूत कोसळली.

"उठ, नाटकं नकोत," सर म्हणाले.

"सर, पाय सरळच होत नाही."

"मग एका पायावर ये. काय रे, बघता काय? हसा हिला!"

पोरं हसली. हिरी लंगडी घालत सुरूपर्यंत आली. सोनीबाई मीठ घातलेली पेज घेऊन तिथे उभी होती. हिरीनं हात पुढे केला, तेवढ्यात सरांनी ते भांडं घेतलं आणि वाळूत उपडं केलं.

सोनीबाई खाली बघत म्हणाली, "पोरीवर राग काढा, सर. पेजंवर कशाला?"

त्या दिवशी एकटी भारती हसली नव्हती. ती तळासरीकडची, हिरीपेक्षा दोन वर्षांनी मोठी, त्याच भरतीसाठी आलेली. तिनंच हिरीला खाली बसवलं, तिचा गुडघा सरळ धरला आणि पायाची बोटं हळूहळू नडगीकडे ओढून ठेवली. गोळा सुटला तशी हिरी रडली. दुखत होतं तेव्हा ती रडली नव्हती.

पुढे सर आठ-दहा दिवस एका लग्नासाठी गावाला गेले. जाताना मला भारतीच्या गळ्यात अडकवून म्हणाले, "क्लास सांभाळ."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस सुखाचे. भारतीला शाळेत एका चांगल्या बाईंनी पळायला शिकवलं होतं. ती आधी सगळ्यांना चालवायची, मग सावकाश पळवायची, घोटे आणि कंबर मोकळी करायला लावायची. हिरीला ती म्हणाली, "तू पहिल्या दिवशी पळालीस ना, तशीच पळ. पाऊल लहान. मुठीत चिकू धरलाय असं समज, तो फुटता कामा नये. आणि पहिला किलोमीटर राखून पळ, पुढे जाणाऱ्याला जाऊ दे." सोनीबाईची पेज ती पळायच्या बऱ्याच आधी थोडी थोडी प्यायला लावायची. हिरीला पुन्हा गोळा आला नाही.

आठव्या दिवशी भारती स्वतः तीन किलोमीटर पळाली. बारा मिनिटं चव्वेचाळीस सेकंद. ती खूश झाली. मग तिनं हिरीसाठी कळ दाबली.

त्या दिवशी हिरी सुंदर पळाली. शेवटच्या फेरीतही तिचे खांदे सैल होते. ती सुरूपाशी पोहोचली, भारतीनं कळ दाबली आणि माझ्या काचेकडे पाहिलं. बारा मिनिटं सव्वीस सेकंद.

भारती बराच वेळ काचेकडे बघत राहिली. भागातल्या मुलींसाठी जागा मोजक्याच होत्या, हे दोघींनाही माहीत होतं.

"किती गं?" हिरीनं धापा टाकत विचारलं.

भारतीनं मला मुठीत झाकलं.

"तेरा बारा," ती म्हणाली.

हिरीचा चेहरा उतरला. "एवढं चांगलं वाटत होतं पळताना!"

"वाटतं तसं," भारती म्हणाली.

सर परतले आणि त्यांचं नेहमीचं ओरडणं सुरू झालं. पण सरांच्या ओरडण्यावर हिरीचा आता फारसा विश्वास नव्हता. तिचा विश्वास भारतीवर होता. तेरा बारा हाच आपला खरा वेळ, असं तिनं मनाशी धरलं.

भरतीच्या दिवशी मुली पहाटेपासून रांगेत होत्या. सोनीबाईनं दिलेली पेजेची बाटली सरांनी काढून घेतली होती. हिरीचा नंबर लागला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि तिचे ओठ सुकले होते. मैदानाभोवतीच्या डांबरी रस्त्यावर पळायचं होतं, आणि कुंपणाला लागूनच मुली उभ्या होत्या. मी सरांच्या हातात, पलीकडे.

हिरी हळूच म्हणाली, "भारती, माझा वेळ काही पुरायचा नाही. मी पहिल्यापासूनच जोरात जाते. बरोबर ना?"

भारती बुटाची नाडी बांधत होती. नाडी बांधून झाली, तरी तिनं मान वर केली नाही.

"जा," ती म्हणाली.

हिरी सुटली ती सगळ्यांच्या पुढे. टांग लांब, मुठी घट्ट. पहिला किलोमीटर तिनं चार मिनिटांच्या आत मारला. दुसऱ्यात तिला दम लागला. तिसरा निम्मा झाला आणि दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले. ती डांबरावर पडली, उठली, पुन्हा पडली. भारती तिच्या बाजूनं गेली. तिची पावलं लहान होती, हात सैल होते. तिनं वळून पाहिलं नाही.

हिरी शेवटचा भाग हातांवर आणि गुडघ्यांवर आली. सरांनी कळ दाबली. सतरा मिनिटं नऊ सेकंद.

"बघ, मी सांगत होतो," सर म्हणाले.

भारतीची निवड झाली. सरांनी सगळ्या क्लाससमोर मला तिच्या गळ्यात घातलं आणि बक्षीस म्हणून देऊन टाकलं. टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या हिरीच वाजवत होती.

तळासरीत भारतीच्या खोलीवर मी कपाटाच्या खणात राहिलो. तिनं मला एकदाही वापरलं नाही. पण माझा सेल चांगला होता आणि मी चालू होतो.

२०१९ च्या उन्हाळ्यात दारात हिरी आली. हातात चिकूंची पिशवी. उजवा पाय टाकताना ती किंचित थांबत होती. भारती नुकतीच ड्यूटीवरून आली होती, खाकी कपड्यांतच होती.

"पाड्यावरच्या सात-आठ पोरी पळायला लागल्यात," हिरी उत्साहानं सांगू लागली. "तू शिकवलंस तसंच शिकवते. आधी चालायचं, पाऊल लहान ठेवायचं, मीठ घालून पेज प्यायची. एकीच्याही पायात गोळा येत नाही. सरांचं ते घड्याळ आहे ना तुझ्याकडे? थोडे दिवस देतेस का? नरपडला नेईन त्यांना. मीही एकदा बघेन पळून, किती होतंय ते."

भारती पाण्याचा तांब्या भरत होती. तांब्या भरून पाणी बाहेर वाहायला लागलं.

"ते बंद पडलंय गं," ती म्हणाली.

"राहू दे मग. पोरींचा श्वास ऐकला तरी कळतं मला," हिरी म्हणाली. निघताना ती दारात थांबली. "त्या वेळी सगळे हसले, तू नाही हसलीस. मी पोरींना नेहमी सांगते."

ती गेली. भारतीनं दाराला कडी घातली, खण उघडला, मला पालथं केलं आणि माझ्या पाठीवरचे स्क्रू एकेक करून काढले. मग सेल काढून खिडकीबाहेर फेकला.

मित्रांनो, तेव्हापासून मी मुका आहे. तुमच्यापैकी कुणाच्या गळ्यात माझ्यासारखं घड्याळ येईल. समोर कुणीतरी नुकतंच पळायला लागलेलं असेल, धापा टाकत तुमच्याकडे बघत असेल. त्याला आधी पाणी द्या. पाय दुखत असेल तर बसू द्या. आणि त्यानं विचारलं, किती झालं, तर मूठ उघडा. जेवढा वेळ दिसेल तेवढाच सांगा, मग तो तुमच्यापेक्षा चांगला का असेना.