जाब

घरोघरी जाऊन रुग्णांच्या जखमा बांधणाऱ्या नर्सबाईंच्या गाडीची काच कुणीतरी फोडली आणि मलमपट्टीची बॅग लांबवली. पोलिसांनी विचारलं, “बॅग सीटवर का ठेवली?” शेजारणीनेही तेच विचारलं. सोबत आलेले भाऊजी, म्हणजे धाकटे दीर, वाटभर तेच दळण दळत होते. गॅरेजमध्ये नवी काच बसवता बसवता मेकॅनिकनेही तोच प्रश्न केला, तेव्हा बाईंचं डोकंच फिरलं.

“कालपासून जो तो मलाच जाब विचारतोय. काच काय मी फोडली?”

मेकॅनिक ओशाळला. “चुकलंच, ताई.”

“तरीपण वहिनी...” भाऊजींनी सुरुवात केली.

बाईंनी त्यांच्या हातात ब्रश दिला. “मागच्या सीटवर काचांचा चुरा पडलाय. तो झाडता झाडता बोला.”

भाऊजी मुकाट्याने वाकले.