ट्रकचा हीटर काढताना

माझ्या ट्रकचा हीटर जळाला आणि त्या दिवसापासून माझी मुलगी लारिसा मला तिच्या गावी कायमचं राहायला न्यायला टपून बसली. हीटर म्हणजे इंजिनाच्या पोटात बसवलेली विजेची कांडी. उणे तीसमध्ये रात्रभर ती इंजिनातलं पाणी कोमट ठेवते, म्हणून सकाळी गाडी सुरू होते.

"तातो, छातीत दुखायला लागलं आणि ट्रक सुरूच झाला नाही तर? चालत येणार तुम्ही इस्पितळात?" ती म्हणाली. बापाला ती तातो म्हणते. "रविवारपर्यंत ट्रक चालू करून दाखवा. पुन्हा विषय काढणार नाही."

"लिहून दे."

"देते. पण वासिलकाकांना मदतीला घ्या."

वासिल माझा शेजारी. त्याला बोलवायचं म्हणजे आधी त्याचं शहाणपण ऐकायचं. त्यात ट्रक बावन्न सालचा, माझ्या बापानं घेतलेला. मी एकट्यानंच करायचं ठरवलं.

शनिवारी दुपारी वारा नको म्हणून शेडचं दार लावून घेतलं. बाहेरच्या खांबावरून ट्रकला येणारी वायर त्याआधीच काढून खांबावरच्या खिळ्याला टांगली होती. इंजिनातलं पाणी सोडलं, हीटरचा बोल्ट सैल केला. चाळीस वर्षं बसलेला हीटर हलेना. हातमोज्यानं पकड येईना म्हणून तो काढला, डावा हात स्टीअरिंगच्या पेटीमागून आत घातला आणि जोर लावला. मेला एकदम सुटला, तिरका झाला आणि माझा पंजा इंजिन आणि पेटीच्या मध्ये पाचरीसारखा अडकला. वरून उरलंसुरलं गार पाणी बोटांवर गळायला लागलं.

ओढावं तसा हात जास्तच रुतत होता. हीटरला, बापाला, लारिसाला, सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या. मग बोटं दुखायची थांबली आणि मी खरा घाबरलो. दुखणं थांबलं की बोटं गोठून जातात, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं.

तेवढ्यात खिडकीतून वासिलची गाडी दिसली. ती हळू झाली. हिवाळ्यात आम्ही सगळेच जाता-येता शेजाऱ्याच्या अंगणात नजर टाकतो. वायर गाडीला जोडलेली असली की माणूस घरी, खिळ्यावर असली की बाहेर गेलाय. मी ओरडलो, पण वाऱ्यापुढे माझं काय चालणार? त्यानं खिळा पाहिला असेल. तो निघून गेला. त्याला दोष कसा देऊ? वायर मीच टांगली होती.

फोन उजव्या खिशात होता, पहिल्यापासून होता. वासिलला लावला, तर गाडी चालवताना तो उचलत नाही. उरली लारिसा. तिला बोलवलं तर हात वाचेल आणि घर जाईल. दहा मिनिटं मी तसाच उभा राहिलो. मला रडू आलं, हे सांगायला लाज वाटत नाही. मग फोन केला.

ती पंधरा मिनिटांत आली. पळतच शेडमध्ये शिरली. हातावर तेल ओतलं, पहारीनं हीटर उचकटला, हात मोकळा केला. मग जमिनीवर बसून आपला कोट उघडला आणि माझी बोटं काखेत धरली. गारठलेल्या वासरांचे कान मी तिला असेच धरायला शिकवले होते.

आता बोलेल, मग बोलेल, म्हणून मी वाट बघत होतो.

"थोडं चुरचुरेल," ती म्हणाली. बोटांना रंग आल्यावर तिनं डोळे पुसले. "नवा हीटर कुठं ठेवलाय? मी बसवून देते."

तिनं एक शब्द जरी ऐकवला असता, तरी मी मरेपर्यंत भांडलो असतो.

"राहू दे," मी म्हणालो. "मला घेऊन चल."