चाळीस पिशव्या

वादळ संध्याकाळी येणार होतं, आलं भर दुपारी. पहिल्याच तडाख्यात झाड आडवं झालं आणि तळ्याकाठच्या खोपीच्या दारावर असं रेलून बसलं, की भाऊजींनी खांदा लावला, लाथा घातल्या, शिव्या घातल्या, पण दार ढिम्म हललं नाही.

आत माणसं दोनच. पाखरांच्या पायात नंबराच्या कड्या घालणारी वहिनी आणि तिच्या हाताखाली काम करणारा तिचा दीर. शिवाय खिळ्यांना टांगलेल्या चाळीस कापडी पिशव्या, प्रत्येकीत एक वटवट्या, सुपारीहून थोडा जड. अंधारात पाखरू गप्प राहतं म्हणून पिशवी. पण अर्ध्या तासात कडी घालून सोडायचंच, हा नियम. आता तीन तास उलटले होते.

"सकाळीच म्हटलं होतं, आज जाळं नको," भाऊजी करवादले.

"म्हटलं होतंत हो! आता पाटीवर लिहून गळ्यात घालू?"

वादळाआधी पाखरं पोट भरायला खाली उतरतात, जाळं ओसंडून वाहतं, हे कडीवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. महिन्याचं काम एका सकाळी होईल म्हणून वहिनीला हाव सुटली होती. तिनं एक पिशवी चाचपली आणि पटकन हात काढला. आतलं पाखरू गार पडलं होतं.

तेवढ्यात वारा थांबला. छताखालच्या झरोक्यातून लख्ख ऊन आत आलं.

"सोडा, वहिनी! सुटलो एकदाचे!"

ती स्टुलावर चढली. भाऊजी पिशव्या देत गेले, ती ओंजळ झरोक्याबाहेर उघडत गेली. "जा रे बाळांनो, पोटभर खा." एकतीस गेले. बत्तिसाव्याला हात घातला आणि तळ्यापलीकडून घरघर ऐकू आली, मघाच्या वाऱ्याच्या उलट्या बाजूनं. वादळाच्या पोटात अशी शांतता असते, हे तिनं वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि ऐन वेळी डोक्यातून साफ गेलं होतं. तिनं झरोक्याची फळी धाडकन लावली.

"जातील कुठंतरी आडोशाला," भाऊजी पुटपुटले.

"कुठला आडोसा? काठचं सगळं बोरूचं गवत झोपलंय." ती फळीकडे बघत म्हणाली. "भाऊजी, जाळं नसतं ना, तर ही सकाळीच निघून गेली असती. त्यांना कळलं होतं. मीच धरून ठेवलं त्यांना. मीच मारलं."

गार पडलेलं पाखरू वगळता उरलेल्या आठांच्या पिशव्यांच्या नाड्या भाऊजींनी सोडल्या, निदान कोंडलेली तरी नकोत. पाखरं खोलीभर भिरभिरली आणि फळीच्या फटीतून दिसणाऱ्या उजेडाकडे झेपावली.

"उघडू का जरा? धडका घेतायत बिचारी."

"खबरदार!"

बाहेरून वारा फळी आत रेटत होता. तिनं दोन्ही तळवे फळीवर दाबून धरले, आणि ती पाखरं एकामागून एक तिच्याच हातांवर आपटत राहिली.