उघडच आहे

"अहो, मोजा उलटा घातलाय," मी म्हटलं. ह्यांनी तो काढला, झटकला आणि पुन्हा उलटाच घातला.

सकाळपासून हेच चाललं होतं. बसायचं, उठायचं, खिडकीपाशी जायचं, भाषणाचे कागद उघडायचे आणि मिटायचे. दोनदा चहा करून दिला, दोन्ही वेळा गार होऊन परत आला. संध्याकाळी गणितातल्या संशोधनाचा मोठा पुरस्कार दिला जाणार होता, आणि तो काही ह्यांना मिळणार नव्हता. ह्यांना फक्त भाषण करायचं होतं.

हे कॉलेजात गणित शिकवतात. पुरस्कार धाकट्याला होता. धाकटा म्हणजे ह्यांचा जुना विद्यार्थी. आम्हाला मूल नाही, त्याला घरी विचारणारं कोणी नाही, त्यामुळे तो आमचा धाकटा कधी झाला ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. दोघांनी मिळून आमच्या पुढच्या खोलीत, फळ्यासमोर उभं राहून, वर्षानुवर्षं एकाच सिद्धांताचा पिच्छा पुरवला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मी आपली शिवणकाम करते. पण त्या फळ्यापाशी कोण किती वेळ झुंजत होतं, ते मशीनवर बसून मी पाहिलंय. पुरस्कार मात्र चाळिशीच्या आतल्यालाच देतात. हे कधीच चाळिशीपार गेलेले, धाकट्याचं एकोणचाळिसावं सरत आलेलं. शिवाय चार वर्षांतून एकदाच. म्हणजे धाकट्याला आज, नाहीतर कधीच नाही.

ह्या गणितवाल्यांत रीत अशी, की पुरस्कार देण्याआधी कोणी जाणकाराने त्या कामाची थोरवी लोकांना समजावून सांगायची. धाकट्यानेच त्यासाठी ह्यांचं नाव सुचवलं. घ्या! स्वतःच्याच कामाचं कौतुक दुसऱ्याच्या नावाने करायचं. माझं तर डोकंच फिरलं होतं.

"जळतंय ना आत?" मी शेवटी विचारलं. "मग एकदा तरी तोंड उघडा. म्हणा की, यातलं अर्धं माझं आहे."

"आमच्यात असं म्हणत नाहीत. दोघांची नावं वर्णक्रमाने छापतात. कोणी काय केलं ते कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही."

"कसली मेली रीत!"

"अगं, ते नाहीये." हे खुर्चीत धपकन बसले. "भोक पडलंय."

"मोज्याला?"

"सिद्धतेला."

मी हसणार होते, पण ह्यांचा चेहरा पाहून हसू आतच राहिलं.

"एका ठिकाणी मी लिहिलं होतं, 'हे उघडच आहे'. आम्ही लिहितो तसं. तपासणाऱ्यांनीही माना डोलावल्या. काल तेच साध्या माणसांना सांगायचं म्हणून बसलो, तर सांगताच येईना. उघड नाहीये ते. खरं आहे की नाही, तेही आता मला माहीत नाही."

"मग बुजवा की ते भोक!"

"दोन दिवसांत बुजेल, नाहीतर दोन वर्षं लागतील. कदाचित नाहीच बुजणार."

"आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"कोणालाच नाही."

मी उठून दार लावून घेतलं. जसे काही शेजारी गणित ऐकायला टपूनच बसले होते! "मग झाकली मूठ सव्वा लाखाची. आज गप्प बसा. त्याच्या पदरात पडू दे. उद्या काय ते सांगा."

"उद्या सांगितलं तर लोक म्हणतील, ह्याला माहीत होतं, तरी पदक घेतलं. तो चोर ठरेल गं."

"आणि आज सांगितलं तर?"

हे उठले आणि पुन्हा खिडकीपाशी गेले.

संध्याकाळी सभागृहामागच्या खोलीत धाकटा मी शिवलेला कोट घालून उभा होता. "वहिनी, बाह्या एकदम फिट बसल्यात," म्हणाला. हसत होता. ह्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं. आता हा भडकणार, असं मला वाटलं.

"कुठे?" त्याने एवढंच विचारलं.

टेबलावरची निमंत्रणपत्रिका उलटी करून दोघं तिच्यावर वाकले. बाहेर माणसं जमत होती, माइकची 'हॅलो हॅलो' चालली होती, आणि हे दोन वेडे खाडाखोड करत होते. शेवटी धाकट्याने पेन खाली ठेवलं.

"आहे. च्यायला, आहेच." तो खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "सांगावं लागेल, सर."

"मी सांगतो. तू समोर बस."

मला राहवलं नाही. "अरे बाबा, पुढच्या वेळी तू चाळिशीपार गेलेला असशील!"

"वहिनी," तो म्हणाला, "तेवढं गणित येतं मला."

भाषण सुरू झालं. हे काय सुंदर बोलले! मलासुद्धा काही काही कळतंय असं वाटलं. पण दर पायरीला एकच पालुपद: ही कल्पना त्याची, ही युक्ती त्याची. ह्यांच्याच अक्षरात आमच्या फळ्यावर आठवडेच्या आठवडे राहिलेल्या गोष्टीसुद्धा त्याच्या. मी ओठ चावत ऐकत होते.

मग हे थांबले. पाणी प्यायले.

"आता एक टप्पा उरला. तो मात्र माझा. माझ्या एकट्याचा. आणि तो चुकलाय. ज्यासाठी आज पुरस्कार दिला जातोय, ते सिद्ध झालेलं नाही."

इतक्या वर्षांत ह्यांच्या तोंडून पहिल्यांदाच 'माझा' ऐकलं, आणि तेही ह्यासाठी! मला रडूच फुटलं.

सभागृहात कुजबुज माजली. समितीचे अध्यक्ष अर्धवट उठले. तेवढ्यात पहिल्या रांगेत धाकटा उभा राहिला. खोलीत भडकला नव्हता, तो आता भडकला होता.

"सर, हे चालणार नाही! आपल्यात असं सांगत नाहीत. तो टप्पा दोघांचा आहे. माझंही नाव आहे त्यावर."

"खाली बस."

"नाही बसणार. आधी शब्द मागे घ्या."

भरल्या सभेत दोघं भांडत होते, चूक कोणाची यावरून. दोघांनाही ती हवी होती. ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माइकमध्ये हळूच म्हणाले, "दोघांची."

अध्यक्षांनी सांगितलं, की समिती पुन्हा विचार करेपर्यंत पुरस्कार राखून ठेवला आहे. पदकाची डबी कुठे ठेवावी ते न सुचून त्यांनी ती खिशात घातली आणि चहा बाहेर आहे असं जाहीर केलं. लोक आमच्याकडे न बघता बाहेर गेले.

हे मंचावर कागद गोळा करत राहिले. मी धाकट्याकडे निघाले होते. काय बोलणार होते, देव जाणे. तेवढ्यात सभागृहाचा एक कर्मचारी स्टुलावर चढून मंचामागचा कापडी फलक सोडवायला लागला. धाकट्याचं नाव लिहिलेला तो फलक चांगलाच लांब होता. एक टोक सुटलं आणि सगळं कापड जमिनीवर लोळायला लागलं. धाकट्याने पुढे होऊन ते टोक उचललं. दोघांनी ताणून धरून एक घडी घातली, मग दुसरी. नाव आत गेलं.

कर्मचाऱ्याने तो गठ्ठा काखेत मारला. फलकावरचं नाव धाकट्याचंच, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"बरं झालं, साहेब, आलात ते," तो म्हणाला. "एकट्याला नाही जमत हे."