गोकर्णीचा निळा

मार्गशीर्षातले ऊन डोंगरमाथ्यावरच्या कातळसड्यावर उतरले होते. पिवळे, पिकलेले, थंडीने मऊ झालेले ऊन. सुकल्या गवताच्या सुवर्णकांतीवरून ते ओघळत खाली आले, कुंपणावरच्या गोकर्णीला शिवले आणि हेमांगीच्या पडवीत येऊन बसले.

पडवीत वाट्या मांडल्या होत्या. पीतवर्णा हळद, रक्तवर्ण कोकम, ओव्याच्या वाटल्या पानांचा ओला हिरवा, कॉफीचा दाट तपकिरी. वाट्यांच्या मधोमध पांढराशुभ्र कागद, आणि कागदापुढे मांडी घालून बसलेली पाच वर्षांची ऋजू, हेमांगीची एकुलती एक लेक.

ऋजूची दृष्टी जाणार होती. डॉक्टरांनी गणपतीच्या आधीच सांगितले होते. एकाएकी नव्हे, हळूहळू. आधी रंग विझतील, मग आकार, मग उजेड. उपाय नाही. हे शेवटचे दोन शब्द त्यांनी फार हळू उच्चारले होते.

त्या दिवसापासून हेमांगीने रंगांचा ध्यास घेतला. डोळे विझण्याआधी सारे रंग लेकीच्या मनात साठवून ठेवायचे, एवढेच तिला कळत होते. एकदा मनात मुरलेला पिवळा कोणता अंधार हिरावून नेणार? बाजारचे रंग नकोत, पोर बोटे तोंडात घालते. म्हणून रोज दुपारी अख्खे स्वयंपाकघर पडवीत येई. भेंडीच्या देठांचे ठसे उमटत, बटाट्याच्या कापांची फुलपाखरे होत, हळदीचे सूर्य कोकमाच्या डोंगरांवर चढत. आणि त्या हसऱ्या, रंगमाखल्या खेळाच्या तळाशी एक मुकी घाई धापा टाकत असे.

"हा कुठला, बाय?"

ऋजू वाटीवर ओणवी होई. अगदी जवळ, नाक बुडेल इतकी जवळ. "पिवळा!"

"आणि हा?"

पुन्हा ओणवी. "हिरवा!"

एकही चूक नाही. हेमांगीच्या उरात आशा उसळे. कमी दिसते म्हणून पोर एवढी वाकते, पण दिसते आहे, अजून दिसते आहे! डॉक्टरांना काय कळते! तिचा नवरा सुहास एकदा दारात उभा राहून म्हणाला होता, "अगं, खेळ आहे ना हा? मग रोज परीक्षा कसली घेतेस तिची?" ती त्याच्यावर इतकी चिडली, की तो पुन्हा काही बोलला नाही.

एकच रंग राहिला होता. निळा. आभाळाचा, समुद्राचा, एवढा अफाट निळा, आणि तिच्या एकाही डब्यात तो सापडेना. आज सकाळी कपडे वाळत घालताना तिची नजर कुंपणावर गेली आणि ती स्वतःशीच हसली. ओंजळभर गोकर्णीची फुले तिने कढत पाण्यात टाकली. पाकळ्यांतून निळाई सुटली, वळसे घेत खाली उतरली, गडद झाली, गहन झाली. असा नितळ, नीरव निळा तिने स्वतःही कधी पाहिला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

वाटी तिने लेकीपुढे ठेवली. "आणि हा कुठला, बाय?"

ऋजू ओणवी झाली. थांबली. पुन्हा वाकली. तिने बोट बुडवले, जिभेला लावले, आणि मोठ्या माणसाच्या समजूतदार सुरात म्हणाली,

"आई, यात रंग घालायचा राहिलाय."

ऊन होते तिथेच होते. गवत हलत होते. हेमांगीने वाटीत पुन्हा वाकून पाहिले.

"बाकीच्यांना वास येतो ना," ऋजू सांगू लागली, "पिवळ्याला हळदीचा, तपकिरीला कॉफीचा. ह्याला कसलाच नाही." मग तिचा आवाज बारीक झाला. "मी चुकले का गं?"

रंग केव्हाच गेले होते. कोणत्या दुपारी, कोणत्या ठशाशी, कुणास ठाऊक. आई खूश होते म्हणून पोर नाकाने रंग ओळखत राहिली, आणि आई टाळ्या वाजवत राहिली. हेमांगीला ओरडावेसे वाटले, त्या साऱ्या वाट्या अंगणात भिरकावून द्याव्याशा वाटल्या. ती उठली. आत गेली. फडताळाला डोके टेकून, तोंडात पदर कोंबून रडली.

बाहेरून हाक आली. "आई?"

फडताळात उन्हाळ्यात माठात घालायची वाळ्याची जुडी होती. तिने ती उचलली, पडवीत आली आणि त्या कोमट निळ्यात चुरगाळली, पुन्हा पुन्हा, बोटे दुखेपर्यंत.

"माझंच चुकलं, बाय. राहिलाच होता घालायचा. आता बघ."

ऋजू वाकली. तिने दीर्घ, खोल श्वास घेतला. थंडगार, ओल्या मातीचा, मुळांचा गंध. तिचा चेहरा उजळला.

"हा कुठला?"

"हा निळा. आभाळाचा."

"मी आभाळ काढू?"

"काढ."

इवला तळवा वाटीत बुडाला आणि कागदावर फिरू लागला. डोंगर बुडाले, हळदीचे सूर्य बुडाले. कागदाची कड आली. हाताला ती कळली नाही. निळा फरशीवर उतरला, आईच्या पायांवरून गेला, पदरावर चढला.

"आई, आभाळ संपलं की सांग हं."

हेमांगीने तो हात अडवला नाही.

"अजून आहे," ती म्हणाली. "अजून आहे, बाय. अजून आहे."