शून्य ते दहा

लालबागच्या चाळीत दत्ताराम परबांना कुणीही विचारलं, कसं काय, तर उत्तर ठरलेलं: "बरा आसा." विचारणाऱ्याला आपलं रडगाणं ऐकवू नये, ही घरची रीत. गिरणी बंद पडली त्या दिवशीही गडी हेच म्हणाला होता. आता बोला!

पोटाच्या कॅन्सरवर केमो सुरू झाली तेव्हा हॉस्पिटलने त्यांच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. रोज सकाळी ते विचारायचं, ताप आहे का, उलट्या होतात का, तोंड आलंय का, शून्य ते दहात सांगा. दत्ताराम चहा निवायच्या आत सगळीकडे शून्य दाबून मोकळे. त्यांच्या बायकोला, रमाबाईंना, खरं ते दिसत होतं. तीन दिवस माणूस नुसत्या पेजेवर, बांगड्याच्या कालवणाकडे बघायला तयार नाही आणि भर दुपारी गोधडी मागतोय. पण नवऱ्याचं गाऱ्हाणं परक्याकडे कसं न्यायचं, म्हणून त्याही गप्प. आतून मात्र जीव थाऱ्यावर नव्हता.

पेजेच्या चौथ्या दिवशी फोन आला. ॲपवरची उत्तरं बघणारी नर्स, वैशाली. दत्ताराम ठरलेलं उत्तर देऊन फोन ठेवायला निघाले, तर तिने काकींना द्या म्हणून सांगितलं.

"काकी, केमो चालू असताना बारा दिवस सगळं शून्य, हे मला पटत नाही. काका आज काय जेवले?"

झालं, रमाबाईंचा बांध फुटला. पेज, गोधडी, सगळं सांगून टाकलं. वैशालीने तिथल्या तिथे ताप बघायला लावला. एकशे दोन. टॅक्सी करा आणि तडक या, ती म्हणाली.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या, त्यात जंतुसंसर्ग. आणखी एक दिवस काढला असता तर कठीण होतं, डॉक्टर म्हणाले. आठवड्याने दत्ताराम स्वतःच्या पायांनी जिना चढून घरी आले. त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना रमाबाईंनी वैशालीचं नाव घेतलं. देव पावला म्हणतात तो असाच पावतो.

सकाळी दत्तारामांनी चष्मा लावून एकेक प्रश्न वाचला. तोंड आलंय, सहा. थकवा, आठ. तासाभरात वैशालीचा फोन, तोंडाला लावायचं औषध सांगायला. तुझे उपकार कुठे फेडू गं बाय, रमाबाई म्हणाल्या.

"ते राहू दे. तुम्ही कशा आहात, काकी?"

"बरी आहे," रमाबाई म्हणाल्या आणि थांबल्या. "नाही गं. महिनाभर डोळ्याला डोळा नाही. हे जातात की काय, म्हणून घाबरले होते."

फोन ठेवल्यावर दत्ताराम म्हणाले, "ह्या माका कधी सांगलंस नाय."

"तुम्ही विचारलंत कधी?"

तेव्हापासून ॲपचे प्रश्न संपले की दत्ताराम चष्मा न काढता बायकोकडे वळतात. झोप किती, गुडघे किती, शून्य ते दहात सांग. आणि शून्य म्हटलेलं त्यांना चालत नाही.